पेरी हॉलचा दिवाणखाना

बाल्टिमोरमधून ईशान्येला निघणारा बेलएअर रोड म्हणजे अमेरिकेचा जुना महामार्ग क्रमांक १. दोन्ही बाजूंना पेट्रोल पंप, जुन्या गाड्यांचे बाजार, पिझ्झाची दुकानं, मधूनच एखादं चर्च. शहर संपलं म्हणेपर्यंत पेरी हॉल नावाचं उपनगर सुरू होतं. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून गेलेला माझा पुतण्या या भागात राहतो. ज्या घरावरून या सगळ्या वस्तीला नाव पडलं ते घर अजून उभं आहे, हे त्याला माहीत होतं, पण इतक्या वर्षांत तो तिकडे फिरकला नव्हता. "काका, एक जुना बंगला आहे, बास. तुम्हाला वॉशिंग्टन दाखवतो की," असं तो म्हणत राहिला. विष्णुपुरीत राहून धरण न पाहिलेली माणसं मला माहीत आहेत, त्यामुळे त्याला बोलण्यात अर्थ नव्हता.

मला ते घर पाहायचं होतं ते मेथडिस्टांमुळे. आमच्या भागाला हे नाव अगदीच परकं नाही. नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर हा एकेकाळी सगळा निजामाचा मुलूख, आणि बिदरला मेथडिस्ट मिशनचा दवाखाना आहे. तो पंथ कुठला, त्याची सुरुवात कुणी केली, असं दवाखान्यात जाणारा माणूस विचारत नाही. मी वाचत गेलो तेव्हा कळलं, की अमेरिकेत या पंथाची रीतसर घडी बसली ती बाल्टिमोरमध्ये, आणि तिची तयारी झाली ती गुलामांच्या कष्टावर चालणाऱ्या एका श्रीमंत शेतमालकाच्या घरी. तेच हे पेरी हॉल.

बेलएअर रोड सोडून आत वळलं की नव्या घरांच्या रांगा लागतात. सगळ्यांची हिरवळ सारख्याच उंचीला कापलेली. त्यांच्या मधेच जरा चढावर जुना वाडा उभा आहे. गिलावा केलेल्या फिकट भिंती, उतरतं छप्पर, उंच खिडक्या, आणि एका बाजूला काहीतरी कमी पडल्यासारखा आकार. तो भास नाही. मूळ घराला मधला मोठा भाग आणि दोन्ही अंगांना पसरलेले पंख होते. १८२४ च्या आगीत पूर्वेकडचा भाग गेला आणि पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. आज दिसतं ते उरलेलं घर. बाल्टिमोर काउंटीने ते २००१ मध्ये विकत घेतलं. आम्ही गेलो तेव्हा दार बंद होतं, म्हणून बाहेरून फेरी मारली. मागच्या अंगाला जमीन गनपावडर नदीच्या खोऱ्याकडे उतरत जाते. जागा निवडणाऱ्याला नजर होती, हे मान्य करावं लागतं. आमच्याकडच्या देशमुखी गढ्यासुद्धा अशाच उंचवट्यावर बसलेल्या असतात, खालचं शिवार मालकाला न उठता दिसावं अशा.

हे घर बांधायला घेतलं ते कॉर्बिन ली नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने. तो वारला आणि १७७४ मध्ये हॅरी डोर्सी गॉफने जवळजवळ हजार एकरांची ही मालमत्ता विकत घेतली. गॉफ तेव्हा तिशीच्या आत होता. इंग्लंडमधून वारशाने मोठी रक्कम हाती आलेली, मेरिलँडच्या बड्या घराण्यातली प्रूडन्स कार्नन ही बायको, घोडे, शिकार, मद्य, मेजवान्या. जागेचं जुनं नाव बदलून त्याने स्टॅफर्डशायरमधल्या आपल्या घराण्याच्या ठिकाणावरून पेरी हॉल हे नाव दिलं. सोळा खोल्यांचं हे घर त्या काळच्या मेरिलँडमधल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक होतं.

पुढच्याच वर्षी, १७७५ मध्ये, मेथडिस्ट उपदेशक फ्रान्सिस अ‍ॅस्बरी बाल्टिमोरमध्ये प्रवचन द्यायला आला. मेथडिस्ट हे तेव्हा वेगळं चर्च नव्हतं. जॉन वेस्लीने ऑक्सफर्डमध्ये सुरू केलेली, अँग्लिकन चर्चच्या आतली ती एक चळवळ होती. देवळाबाहेर उघड्यावर प्रवचन, छोट्या गटांनी आठवड्याला एकत्र येऊन एकमेकांचा हिशेब घेणं, आणि घोड्यावरून ठरलेल्या फेरीने गावोगाव फिरणारे उपदेशक, अशी तिची रीत. खाणकामगार, कोळी, नोकर-चाकर यांच्यात ती पसरली होती. बड्या लोकांना ती हसण्याची गोष्ट होती. गॉफही मित्रांबरोबर, थोडी घेऊन, हसायलाच गेला होता. परतताना एक मित्र त्या प्रवचनाची टर उडवायला लागला तेव्हा गॉफने त्याला गप्प केलं, आणि आपण जे ऐकलं ते खरं आहे असं सांगितलं, अशी हकीकत मेथडिस्ट परंपरेत सांगतात.

त्यानंतरचा प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गॉफ आपल्याच मळ्यावरून घोड्याने चालला असताना एका झोपडीतून प्रार्थनेचा आवाज आला. कुणी आफ्रिकी गुलाम, बहुधा शेजारच्या मळ्यावरून आलेला, आपल्यासारख्यांना जमवून देवाचे आभार मानत होता. अंगावर धड कापड नाही, स्वतःचं शरीरही स्वतःच्या मालकीचं नाही, आणि हा आभार मानतोय. माझ्याजवळ सगळं आहे आणि मी कधी मानले नाहीत, असं म्हणून गॉफ हादरला. मेथडिस्ट पुस्तकांत ही गोष्ट मोठ्या भक्तिभावाने येते. मला ती वाचताना प्रश्न पडतो तो त्या प्रार्थना करणाऱ्याचा. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. मालकाला पाझर फुटला एवढंच त्याच्या आयुष्यातलं लोकांनी जपून ठेवलं.

प्रूडन्स नवऱ्याच्या मागोमाग या पंथात आली. घराच्या पूर्वेला प्रार्थनेसाठी खोली बांधली गेली, तिला घंटा लावली. सकाळ-संध्याकाळ घंटा वाजली की घरची माणसं, पाहुणे, नोकर आणि गुलाम एकत्र जमत. अ‍ॅस्बरी पुढे आयुष्यभर या घरी येत राहिला. ज्याने घोड्यावरून अडीच लाख मैलांहून जास्त प्रवास केला, ज्याला स्वतःचं घर कधीच नव्हतं, त्याला इथं एक खोली कायमची मिळाल्यासारखी होती. तरी या घराच्या थाटाबद्दल त्याच्या मनात कायम एक अढी राहिली असं त्याच्या रोजनिशीवरून दिसतं. १८२४ ची आग लागली ती याच पूर्वेकडच्या बाजूला, त्यामुळे ती प्रार्थनेची खोलीही आज नाही.

आता १७८४. अमेरिका इंग्लंडपासून सुटली होती. बरेच अँग्लिकन पाद्री परत गेले होते, आणि मेथडिस्टांना बाप्तिस्मा द्यायला, प्रभुभोजन द्यायला अधिकृत माणूस उरला नव्हता. म्हणून वेस्लीने थॉमस कोक या पाद्र्याला रिचर्ड व्हॉटकोट आणि थॉमस व्हेसी यांच्याबरोबर अमेरिकेला पाठवलं. १४ नोव्हेंबरला डेलावेअरमधल्या बॅरट चॅपलमध्ये कोक आणि अ‍ॅस्बरी भेटले. नाताळात सगळ्या उपदेशकांना बाल्टिमोरला बोलवायचं ठरलं आणि मधल्या काळात कोकला दौऱ्यावर पाठवलं गेलं. त्याच्याबरोबर होता हॅरी होझियर, ब्लॅक हॅरी म्हणून ओळखला जाणारा कृष्णवर्णीय उपदेशक. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्याला ऐकायला गोरे लोकही गर्दी करत. तो उत्तम वक्ता आहे हे कोकनेही मोकळेपणाने मान्य केलं.

डिसेंबरच्या मध्याला हे सगळे पेरी हॉलला जमले. इथल्या दिवाणखान्यात नव्या चर्चचे नियम, पदं, शिस्त यांवर खल झाला. मी त्या खिडक्यांखाली उभा राहून विचार करत होतो, की त्या चर्चेच्या वेळी चुलीत लाकूड कोण सारत असेल. कोकच्या मनात गुलामगिरीबद्दल तीव्र चीड होती. वेस्लीने तर १७७४ मध्येच गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. आणि चर्चा चालली होती गुलामांच्या मालकाच्या घरी. गॉफ त्याआधीच काही प्रमाणात जागा झाला होता, हेही सांगायला हवं. १७८० मध्ये त्याने चाळीसहून अधिक गुलामांना मुक्त केलं होतं. काही प्रमाणात, असं म्हणायचं कारण पुढे येतं.

२४ डिसेंबरला मंडळी घोड्यांवरून बाल्टिमोरला गेली. लव्हली लेन नावाच्या गल्लीतल्या साध्या प्रार्थनागृहात साठेक उपदेशकांची सभा भरली. अमेरिकन मेथडिस्ट इतिहासात ती ख्रिसमस कॉन्फरन्स म्हणून ओळखली जाते. मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च या नावाने स्वतंत्र चर्च उभं राहिलं. अ‍ॅस्बरीला ओळीने तीन दिवसांत डीकन, एल्डर आणि सुपरिंटेंडेंट अशी तिन्ही पदं दिली गेली. याच सभेत नियम झाला, की गुलाम बाळगणाऱ्या प्रत्येक सभासदाने वर्षाच्या आत कागद करून त्यांना ठरावीक वयापर्यंत मुक्त करण्याचं बांधून घ्यावं, नाहीतर पंथ सोडावा.

इतका कडक नियम त्या काळात फार थोड्या संघटनांनी केला असेल. कोक तो घेऊन व्हर्जिनियात फिरला तेव्हा त्याला मारहाणीच्या धमक्या आल्या. मे १७८५ मध्ये कोक आणि अ‍ॅस्बरी माउंट व्हर्ननला जाऊन जॉर्ज वॉशिंग्टनला भेटले, गुलाममुक्तीच्या अर्जावर त्याची सही मागितली. त्याने त्यांना जेवू घातलं, विचार पटतो असं म्हटलं आणि सही दिली नाही. जूनमध्ये बाल्टिमोरलाच पुन्हा सभा भरली आणि नियम स्थगित झाला. सहा महिने टिकला. सभासद गळतील, दक्षिणेत पाय रोवता येणार नाही, ही भीती होती. चळवळीचं चर्च झालं की तिला मालमत्ता येते, आणि मालमत्तेबरोबर मालमत्तेचे मालक येतात. एवढ्या लवकर येतात हे मात्र मला नवीन होतं.

गॉफ किती प्रमाणात जागा झाला होता, हा प्रश्न एका चित्राने सुटतो. फ्रान्सिस गाय नावाच्या चित्रकाराने १८०५ च्या सुमारास पेरी हॉलची दृश्यं रंगवली. त्यातलं एक मेरिलँडच्या इतिहास संग्रहालयाकडे आहे. त्यात गुलामांची घरं आहेत आणि शेतात राबणारी माणसं आहेत. म्हणजे १७८० च्या मुक्तीनंतर पंचवीस वर्षांनीही या मळ्यावर गुलाम होते, आणि ते चित्रात असणं कुणाला खटकत नव्हतं. मधली काही वर्षं गॉफ मेथडिस्टांपासून दुरावला, पुन्हा परतला. तो उत्तम जातीची जनावरं पाळायचा, मेरिलँडच्या शेती सुधारणा मंडळाचा तो अध्यक्ष होता. मे १८०८ मध्ये तो वारला तेव्हा योगायोगाने मेथडिस्टांची सर्वसाधारण सभा बाल्टिमोरमध्येच चालू होती. सभेतले अनेक उपदेशक त्याच्या अंत्ययात्रेत शहराबाहेरपर्यंत चालत गेले. अ‍ॅस्बरी होताच. गुलाम सोडणं आणि गुलाम बाळगणं, एका माणसाने आयुष्यात दोन्ही गोष्टी केल्या. त्याला ढोंगी म्हणणं सोपं आहे. मला तो ढोंगी वाटत नाही, तसा असता तर पहिल्या चाळीस जणांना त्याने सोडलंच नसतं. पण हजार एकर कसायला माणसं लागतात हा हिशेब त्याच्या प्रार्थनेपेक्षा जुना होता.

पुतण्या गाडीपाशी थांबला होता. मी त्याला हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "काका, मग आपल्याकडं सालगडी होते तेही असंच की." मी म्हटलं, असंच नव्हे. सालगड्याला पाडव्याला मालक बदलता यायचा, निदान कागदावर. उचल फिटत नसली तर तेही नाही, हे खरं. पण त्याची पोरं विकता यायची नाहीत. तो म्हणाला, "जातीचं काय?" मी गप्प बसलो. हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी जोतीराव फुल्यांनी विचारलेला आहे. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल आणि स्वार्थत्यागाबद्दल. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तेच करावं ही त्यांची इच्छा होती. पुण्यात बसून ते बाल्टिमोरकडे, बोस्टनकडे पाहत होते.

आणि नेमक्या त्याच सुमारास बाल्टिमोरचा एक माणूस मुंबईत होता. विल्यम टेलर. व्हर्जिनियात जन्मलेला, बाल्टिमोर कॉन्फरन्सचा उपदेशक, तिथून सोन्याच्या धावपळीतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर, मग ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, आणि १८७० मध्ये भारत. कॅलिफोर्नियात निलगिरीची झाडं पसरली ती त्याने ऑस्ट्रेलियातून पाठवलेल्या बियांमुळे असंही सांगतात. १८७१-७२ मध्ये त्याने मुंबईत मेथडिस्ट मंडळी उभी केली. अमेरिकेतून पैसे न घेता, स्थानिक सभासदांच्या वर्गणीवर चालणारी चर्चं हा त्याचा आग्रह होता. त्याच्या कामाचा भर इंग्रजी बोलणाऱ्यांवर, रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन नोकरांवर राहिला. मराठीतली कसर भरून काढली ती जॉर्ज बोवेनने. हा व्हरमाँटचा माणूस १८४८ पासून मुंबईत होता, आला होता अमेरिकन मराठी मिशनमधून. त्याने मिशनचा पगार सोडला, गरिबांच्या वस्तीत राहिला, 'बॉम्बे गार्डियन' हे साप्ताहिक चालवलं, रोज रस्त्यात उभं राहून मराठीत बोलला, आणि चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेला नाही. टेलर आल्यावर तो मेथडिस्टांना मिळाला. १८८८ मध्ये मुंबईतच वारला. कुलाब्यात अपोलो बंदराजवळ त्याच्या नावाचं चर्च आहे, गेटवेला येणाऱ्यांच्या गर्दीत ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहरातलं लव्हली लेन चर्च पाहिलं. मूळ गल्लीतलं प्रार्थनागृह कधीच गेलं. आताची दगडी इमारत १८८० च्या दशकातली, स्टॅनफर्ड व्हाइटने बांधलेली, जाड भिंतींची, किल्ल्यासारखी. आतल्या घुमटावर आकाश रंगवलं आहे, ६ नोव्हेंबर १८८७ च्या पहाटे तीनला, म्हणजे चर्चच्या अर्पणाच्या दिवशी, तारे जिथे होते तिथे. खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम याने त्यासाठी नकाशा करून दिला होता. हे बांधकाम चालू असताना इथला पाद्री जॉन गाउचर होता. त्याने आपल्या पैशातून उत्तर भारतात शंभराहून अधिक प्राथमिक शाळा चालवल्या. इथे मेथडिस्ट संग्रहालयही आहे, जुने कागद आणि वस्तू पाहायच्या तर तिथे वेळ ठेवून जावं.

फ्रेडरिक अ‍ॅव्हेन्यूवरच्या माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत अ‍ॅस्बरीची कबर आहे. १८१६ मध्ये तो वारला, १८५४ मध्ये त्याला इथे हलवलं. त्याच आवारात स्टॅन्ली जोन्स आहे, बाल्टिमोर परिसरात जन्मलेला, सातताल आश्रमाचा संस्थापक, गांधींचा मित्र, १९७३ मध्ये बरेलीत वारलेला. गांधींवरच्या त्याच्या पुस्तकाने मार्टिन ल्यूथर किंगवर प्रभाव टाकला. ही एक जागा मला आधी माहीत नव्हती, गेलो हे बरं झालं.

पेरी हॉल बाहेरूनच पाहून मन भरत नसेल तर टाउसनचं हॅम्प्टन पाहावं. ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे, आत जाता येतं, आणि गुलामांची दगडी घरंही उभी आहेत. प्रूडन्स गॉफच्या भावाचं, चार्ल्स कार्नन रिज्लीचं ते घर. मूळ मालक कॅप्टन चार्ल्स रिज्ली त्याचा मामा. कॅप्टनची बायको रिबेका मेथडिस्ट होती. १७९० च्या सुमारास घर पुरं झालं तेव्हा कॅप्टन वरच्या मजल्यावर मित्रांबरोबर पत्ते आणि दारू घेऊन बसला आणि रिबेकाने खालच्या खोलीत प्रार्थनासभा भरवली, असं सांगतात. ही हकीकत खरी असो वा नसो, त्या काळच्या मेरिलँडच्या श्रीमंत घरांचं तिच्यात बरंच काही आलं आहे. पाहायचं मात्र इथे दुसरंच. मोठ्या घरापासून रस्ता ओलांडून खाली शेताच्या बाजूला गेलं की गुलामांच्या खोल्या, गोठे, दूध-लोण्याची थंड कोठी. वर पाहिलेल्या झुंबरांचा आणि पडद्यांचा खर्च कुठून निघत होता ते खाली उतरल्यावर कळतं.

चार्ल्स कार्नन रिज्ली मेरिलँडचा गव्हर्नर झाला, त्याच्याकडे तीनशेहून अधिक गुलाम होते. १८२९ मध्ये तो वारला आणि मृत्युपत्राने त्याने त्यातल्या बहुतेकांची मुक्ती ठरवली. तिच्यात अटी होत्या. बायका २५ ते ४५ आणि पुरुष २८ ते ४५ वर्षांचे असतील तर लगेच; लहानांनी ते वय होईपर्यंत थांबायचं. पंचेचाळिशीच्या वरच्यांना मुक्ती नाही, कारण म्हाताऱ्यांना मोकळं करून रस्त्यावर सोडण्यास मेरिलँडच्या कायद्याची बंदी होती. म्हणजे आई सुटली आणि पोर राहिलं, पोरगा सुटला आणि बाप राहिला, असं घराघरांत झालं. हॅम्प्टनचा वारस जॉन रिज्ली याने नंतर नवे गुलाम विकत घेतले. या मळ्यावरची गुलामगिरी संपली ती १ नोव्हेंबर १८६४ ला, मेरिलँडची नवी राज्यघटना लागू झाली त्या दिवशी. गव्हर्नरच्या बहिणीच्या दिवाणखान्यात कोक आणि अ‍ॅस्बरी नियमांवर बसले होते, त्याला तेव्हा ऐंशी वर्षं होत आली होती.